आजारातून उठलेली फुफ्फुसे आणि प्राणायाम: आधी रेचक शिकावा

न्यूमोनिया, फ्लू, कोविड किंवा लांबलेला ब्राँकायटिस यांतून बऱ्या झालेल्या माणसाची एक तक्रार हमखास असते. ताप गेलेला असतो, एक्स-रे बराचसा स्वच्छ आलेला असतो, औषधांचा कोर्सही संपलेला असतो, तरी जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते, फोनवर दोन वाक्ये सलग बोलली की मध्येच श्वास घ्यावा लागतो आणि रात्री कूस बदलली की खोकल्याची उबळ येते. अशा वेळी घरचे, शेजारचे, ओळखीचे असे सगळेच एक सल्ला देतात: "प्राणायाम सुरू करा." सल्ला चुकीचा नाही. मात्र कोणता प्राणायाम, केव्हा, किती आणि कशासाठी, हे सहसा कोणी सांगत नाही. मग माणूस मोबाइलवर दिसलेला पहिला व्हिडिओ लावतो, त्यात दाखवल्याप्रमाणे जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा श्वासोच्छ्वास, करू लागतो आणि चौथ्या मिनिटाला खोकून खोकून बेजार होऊन पुन्हा अंथरुणाला पाठ टेकतो.

बहुतेकांची समजूत अशी असते की खोल श्वास घेतला की रक्तात जादा ऑक्सिजन जातो आणि त्यामुळे फुफ्फुसे लवकर भरून येतात. प्रत्यक्षात सावरणाऱ्या माणसाला मदत होते ती सावकाश लांबवलेल्या रेचकाची, म्हणजे श्वास सोडण्याच्या क्रियेची, आणि आजारपणात बिघडलेली श्वासाची सवय पुन्हा वळणावर आणण्याची. एवढी एक गोष्ट नीट कळली, की कोणता प्रकार आधी करायचा, कोणता पुढे ढकलायचा आणि कोणता पूर्ण बरे होईपर्यंत हातीच घ्यायचा नाही, हे ठरवणे सोपे जाते.

आजारपणात श्वासाची घडी कशी विस्कटते

फुफ्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. ती फुगवण्याचे काम छाती आणि पोट यांच्या मध्ये पालथ्या वाडग्यासारख्या पसरलेल्या श्वासपटलाचे, म्हणजे डायफ्रॅमचे असते. श्वास घेताना हे पटल आकुंचन पावून खाली उतरते, त्यामुळे पोटातले अवयव थोडे खाली आणि पुढे सरकतात, पोट वर येते, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. श्वास सोडताना पटल सैल पडते, ताणलेली फुफ्फुसे आपल्या लवचिकपणामुळे आक्रसतात आणि हवा बाहेर पडते. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या श्वासाचा मोठा भार हे श्वासपटलच वाहते. मानेचे आणि खांद्यांचे स्नायू धावताना, ओझे उचलताना किंवा जीव घाबरा झाला असतानाच मदतीला धावून येतात.

आजारात ही कामाची वाटणी उलटी होते. तापामुळे शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, सुजलेल्या श्वासनलिकांतून आणि कफाने भरलेल्या वायुकोशांतून, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतून, हवा नीट खेळत नाही, खोल श्वास घ्यायला जावे तर खोकला येतो किंवा बरगडीत कळ येते, म्हणून माणूस नकळत लहान लहान आणि भरभर श्वास घेऊ लागतो. आठ-पंधरा दिवस अंथरुणात गेले की पायांचे स्नायू जसे ढिले पडतात तसा श्वास चालवणाऱ्या स्नायूंचाही जोर कमी होतो. त्यात भीतीची भर पडते, आणि भीतीने श्वास आणखी वर, गळ्याशी येतो. आजार ओसरतो, पण मानेने आणि खांद्यांनी श्वास ओढण्याची सवय मागे राहते. आरशासमोर उभे राहिले तर ती स्पष्ट दिसते: प्रत्येक श्वासाला खांदे किंचित वर उचलले जातात, मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ होतात आणि पोट मात्र जागचे हलत नाही.

या सवयीने किती नुकसान होते ते आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. यातली जवळजवळ १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका यांतच राहते. तिथे हवेची आणि रक्ताची गाठ पडत नाही, त्यामुळे त्या हवेचा शरीराला उपयोग नसतो. आता मिनिटाला १२ श्वास घेणाऱ्या माणसाचा हिशेब मांडू. दर श्वासामागे ३५० मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते, म्हणजे मिनिटाला ४,२०० मिलिलिटर. दुसरा माणूस धापा टाकत मिनिटाला २४ श्वास घेतो, पण प्रत्येक श्वास २५० मिलिलिटरचाच असतो. दोघांनीही मिनिटाला एकूण ६ लिटर हवाच आत-बाहेर केली, तरी दुसऱ्याच्या वायुकोशांपर्यंत प्रत्येक श्वासात फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला २,४०० मिलिलिटर हवा पोहोचते. त्याने श्वास दुपटीने घेतले, स्नायू दुपटीने राबवले आणि पदरात पडले जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. सावरणाऱ्या माणसाला दिवसभर वाटणारा थकवा काही अंशी या फुकट जाणाऱ्या कष्टाचा असतो.

हेच गणित पुढे नेले तर मिनिटाला ६ श्वास आणि दर श्वासात एक लिटर हवा, असा श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांत मिनिटाला ५,१०० मिलिलिटर हवा जाते. आकडा मोहात पाडणारा आहे, परंतु आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने थेट तिथे उडी मारू नये. सुजलेली किंवा काही भागांत घट्ट झालेली फुफ्फुसे एवढी ताणण्यासाठी बरीच ताकद लागते आणि खोकला लगेच उसळतो. मिनिटाला २२ श्वास घेणारा माणूस १६ वर आला, तरी त्याने बरेच काही मिळवले असे माझे मत आहे.

जादा ऑक्सिजनचा गैरसमज

निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या, शांत श्वासातही ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तसे होते. खोल श्वासाने त्यात भर पडायला जागाच नसते. उलट भरभर आणि खोल श्वास घेत राहिले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. कार्बन डायऑक्साइड हा केवळ टाकाऊ वायू आहे असे आपण शाळेत शिकलेले असतो, पण श्वास केव्हा घ्यायचा हे मेंदू मुख्यतः त्याच्याच पातळीवरून ठरवतो. ती पातळी एकदम खाली गेली की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, गरगरते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. जोरदार श्वसनक्रियेनंतर येणाऱ्या या झिणझिण्या म्हणजे अंगात ऊर्जा खेळू लागल्याची खूण आहे, असे काही ठिकाणी सांगितले जाते. ही कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याची खूण आहे, आणि आजारातून उठलेल्या माणसाला ती दिसली की त्याने तिथेच थांबून श्वास आपल्या चालीने चालू द्यावा.

आजारानंतर ज्यांची ऑक्सिजनची पातळी खरोखरच कमी राहते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या फुफ्फुसांचे खालचे आणि मागचे कोपरे मिटलेले असू शकतात आणि सावकाश, पोटापर्यंत उतरणाऱ्या श्वासाने असे कोपरे हळूहळू उघडायला मदत होते. पण त्यांनी हे सगळे डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायचे असते, एकट्याने नाही.

रेचक एवढा महत्त्वाचा का

दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट विकार) किंवा संसर्गानंतरची सूज यांत श्वास आत घेणे तितकेसे अवघड नसते. खरा प्रश्न तो बाहेर पडण्याचा असतो. श्वास घेताना छाती विस्तारते आणि तिच्याबरोबर बारीक श्वासनलिकाही थोड्या उघडतात. सोडताना त्या अरुंद होतात. सूज असेल किंवा माणूस घाईने, जोर लावून हवा बाहेर ढकलत असेल, तर त्या मध्येच मिटतात आणि हवा आतच अडकून पडते. वरून नवा श्वास येतो, तोही पुरता बाहेर पडत नाही, आणि थोड्याच वेळात छाती फुगलेल्या अवस्थेतच राहते. माणूस म्हणतो, "श्वास आत जातच नाही". त्याची तक्रार खरी असते, पण आधीची हवा बाहेर न पडल्यामुळे नव्या हवेला जागाच उरलेली नसते. श्वासपटलही खाली सपाट होऊन बसते आणि सपाट झालेल्या पटलाला खेचायला वावच राहत नाही.

यावर फिजिओथेरपीत एक जुना, साधा उपाय शिकवला जातो. समोर दिवा आहे, तो विझवायचा नाही, ज्योत फक्त जराशी कलली पाहिजे, अशा बेताने ओठांचा चंबू करून फुंकर घालत श्वास सोडायचा. ओठांशी थोडा अडथळा आल्यामुळे श्वासनलिकांत मागपर्यंत हलका दाब टिकून राहतो आणि त्या मिटायच्या थांबतात. योगातल्या भ्रामरीत आणि ओंकारात वेगळ्या वाटेने हेच साधते. भ्रामरीत तोंड मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत नाकाने श्वास सोडतात. आवाज काढण्यासाठी स्वरतंतू जवळ येतात, हवेची वाट अरुंद होते आणि रेचक आपोआप लांबतो. माणसाला "सावकाश सोडा" असे सांगितले तर तो दोन-तीन श्वासांनंतर विसरतो, पण गुंजन करायला सांगितले की घाई करताच येत नाही. म्हणूनच नवशिक्या रुग्णासाठी भ्रामरी हा प्रकार मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तिचा आणखी एक परिणाम मोजला गेला आहे: स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की, गुंजन करत श्वास सोडला असता शांत उच्छ्वासाच्या तुलनेत नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण सुमारे १५ पट होते. हा वायू नाकाला जोडलेल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, तयार होतो; याचा अर्थ तिथली हवा गुंजनाने चांगली खेळती होते. यावरून भ्रामरीने संसर्ग बरा होतो असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

लांबवलेल्या रेचकाचा दुसरा परिणाम हृदयावर आणि मनावर होतो. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने चालते आणि सोडताना किंचित मंदावते, कारण श्वास सोडताना व्हेगस चेतेचा, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या चेतेचा, हृदयावरील प्रभाव वाढतो. मनगटावर बोटे ठेवून पाच-सहा संथ श्वास घेतले तर अनेकांना हा फरक स्वतःच्या हाताला कळतो. इटलीतील एका गटाने २००१ मध्ये लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्राचा जप यांची तुलना केली, तेव्हा दोहोंनीही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आलेला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्रिया सुधारलेली आढळली. धाप लागली की भीती वाटते आणि भीतीने धाप वाढते, हे चक्र ज्याने अनुभवले आहे, त्याला नाडी मंदावण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

रेचकाच्या लांबीचा दम्यावरचा परिणाम तपासणारा एक छोटा पण नेटका प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सौम्य दमा असलेल्या १८ जणांना एक उपकरण देण्यात आले, ज्यातून श्वास घेतल्यास तो संथ होत असे आणि पूरक (श्वास आत घेणे) व रेचक यांचे प्रमाण एकास दोन राहत असे. तुलनेसाठी हुबेहूब तसेच दिसणारे, पण श्वासावर असे बंधन न घालणारे उपकरणही वापरले गेले. दोन्ही उपकरणे प्रत्येकी दोन आठवडे, दिवसातून दोनदा १५ मिनिटे वापरायची होती. फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांत ठळक फरक पडला नाही, परंतु श्वासनलिकांची चिडखोरी, म्हणजे हिस्टामाइन हे श्वासनलिका आक्रसवणारे रसायन हुंगवल्यावर त्या किती लवकर आक्रसतात हे मोजले असता, संथ श्वासाच्या काळात ती कमी झालेली दिसली. अठरा माणसांवरून मोठे दावे करता येत नाहीत. तरी मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण त्यात योग या शब्दाचा प्रभाव बाजूला काढून फक्त श्वासाच्या चालीची परीक्षा घेतली गेली.

प्रत्यक्ष सुरुवात

ताप पूर्ण उतरलेला असावा, विश्रांतीच्या वेळी ऑक्सिजनची पातळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत असावी आणि त्यांची परवानगी असावी. त्यानंतरच पुढचे पाऊल टाकावे. पहिला आठवडा अंथरुणावरच काढायला हरकत नाही. उताणे झोपावे, गुडघे दुमडून पावले गादीवर टेकवावीत, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. डोक्याखाली उशी घ्यावी, पूर्ण आडवे झाल्यावर खोकला येत असेल तर दोन घ्याव्यात. एक तळहात छातीवर आणि दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. आता श्वास घ्यायला जाऊ नये, आधी सोडावा. नाकाने सहज जेवढा बाहेर जाईल तेवढा जाऊ द्यावा, आणि शेवटी पोटावरचा हात आपल्या वजनाने खाली गेल्याचे जाणवले की एक क्षण थांबावे. पुढचा श्वास आपोआप येतो. तो येताना पोटावरचा हात वर उचलला गेला आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला, तर श्वासपटल कामाला लागले असे समजावे.

पहिल्या दिवशी असे दहा श्वास पुरेत, आणि दिवसातून तीन-चार वेळा. अनेकांना पहिल्यांदा उलटेच होते: श्वास घेताना पोट आत जाते आणि छाती वर येते. त्याने खट्टू होऊ नये. पोटावर एखादे पातळ पुस्तक ठेवले की डोळ्यांना ते वर-खाली होताना दिसते, आणि हाताला जे कळत नव्हते ते नजरेला कळते. मोजणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आणावी: पूरकाला मनात दोन अंक, रेचकाला तीन. घुसमट न होता हे जमले की दोनाला चार, आणि पुढे तीनाला सहा. मोजलेल्या आकड्यासाठी श्वासाला ताणायचे नसते. पुढचा श्वास अधाशासारखा ओढावा लागला, तर रेचक जास्त लांबवला गेला असे समजून एक अंक कमी करावा.

पालथे झोपून, हातांची घडी करून त्यावर कपाळ टेकवले की मकरासनाचा एक सोपा प्रकार होतो. या स्थितीत पोट जमिनीवर दाबले जात असल्याने श्वास पाठीकडे आणि बरगड्यांच्या मागच्या बाजूला पसरतो. फुफ्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणे झोपल्यावर हृदयाचा व पोटातल्या अवयवांचा दाब त्यावर येतो. पालथे झाल्यावर तो हलका होतो. कोविडच्या साथीत रुग्णांना पालथे झोपवण्यामागे हेच कारण होते. जेवणानंतर दोन-अडीच तास, गर्भारपणात, आणि पाठीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ही स्थिती घेऊ नये.

बसता येऊ लागले, पाठ टेकून दहा मिनिटे आरामात बसवले, की भ्रामरी सुरू करावी. कान बोटांनी बंद करण्याचा आग्रह सुरुवातीला नको. हात वर धरून ठेवण्यातही थकवा येतो. पाच वेळा गुंजन करून दोन मिनिटे स्वस्थ बसावे. गुंजनाने घशात खवखव होऊन ठसका लागत असेल तर आवाज आणखी बारीक करावा, आणि कफ सुटू लागला तर तो गिळण्याऐवजी खाकरून टाकून द्यावा. कफ भरपूर असेल तर केवळ प्राणायामावर विसंबू नये. फिजिओथेरपिस्टकडून हफिंग शिकून घ्यावे, ज्यात आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून "हाऽऽ" असा जोरकस उच्छ्वास करतात. छातीतला कफ वर आणायला तो कोरड्या खोकल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

अनुलोम-विलोम त्यानंतर. डाव्या नाकपुडीने घेऊन उजवीने सोडणे, उजवीने घेऊन डावीने सोडणे, एवढेच करावे, कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, मध्ये आणू नये. सर्दीने एक नाकपुडी चोंदलेली असेल तर त्या दिवशी हा प्रकार सोडून द्यावा. नाक मोकळे करण्यासाठी जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे आणि लिटरभर पाण्यात साधारण ९ ग्रॅम मीठ घालावे. नळाचे कच्चे पाणी नाकात घातल्याने नेग्लेरिया नावाच्या अमिबाचा जीवघेणा संसर्ग झाल्याच्या घटना अमेरिकेत २०११ मध्ये नोंदल्या गेल्या आहेत.

हे सगळे चटईवरच राहिले तर फायदा अर्धाच होतो. जिना चढताना बहुतेक माणसे श्वास रोखून पाय उचलतात, आणि चार पायऱ्यांवर धाप लागते. एका पायरीवर उभे राहून श्वास घ्यावा, आणि पुढच्या दोन पायऱ्या फुंकर घालत श्वास सोडताना चढाव्यात. वाकून काही उचलताना, खुर्चीतून उठताना, अंघोळीच्या वेळी हात डोक्यावर नेताना, जिथे जिथे जोर लागतो तिथे रेचक चालू असावा. चढून वर पोहोचल्यावर दम लागलाच तर पुढे झुकून दोन्ही हात कठड्यावर किंवा गुडघ्यांवर टेकावेत. खांद्यांना आधार मिळाला की श्वासपटलाला काम करणे सोपे जाते.

कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक

हे तीन प्रकार सर्वांत लोकप्रिय आहेत आणि सावरण्याच्या काळात नेमके हेच दूर ठेवायचे आहेत. कपालभाती हा मुळात प्राणायाम नाही. हठयोगाच्या परंपरेत तिची गणना धौती, नेती, नौली यांच्याबरोबर शुद्धिक्रियांत होते. तिच्यात उच्छ्वास झटक्याने बाहेर फेकला जातो, म्हणजे वर सांगितलेल्या शांत, लांब रेचकाच्या अगदी उलट. चिडलेल्या श्वासनलिका या झटक्यांनी आक्रसतात, पोटातला दाब वाढतो, आणि ज्यांच्या फुफ्फुसांचे आवरण नाजूक झाले आहे त्यांना धोका संभवतो. कपालभाती करताना फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची, म्हणजे न्यूमोथोरॅक्सची एक घटना २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे; तशा घटना विरळ आहेत, पण आजाराने दुबळ्या झालेल्या फुफ्फुसांवर हा प्रयोग का करावा? उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, थुंकीतून रक्त येणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण यांत तर हे प्रकार वर्ज्यच आहेत. कुंभकाचेही तसेच आहे. ज्याला मुळात हवा कमी पडते आहे, त्याने श्वास रोखून धरण्यात काहीच साधत नाही.

हा इशारा केवळ आधुनिक डॉक्टरांचा आहे असे कोणी समजू नये. स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिका' या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात म्हटले आहे, "यथा सिंहो गजो व्याघ्रो भवेद्वश्यः शनैः शनैः । तथैव सेवितो वायुरन्यथा हन्ति साधकम् ॥" सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच वायू हळूहळू साधावा, एरवी तो साधकाचाच घात करतो. त्याच्या लगेच पुढे, चुकीच्या अभ्यासाने जडणाऱ्या व्याधी सांगताना पहिली नावे येतात ती उचकी, श्वास म्हणजे धाप, आणि कास म्हणजे खोकला यांची. ज्या तक्रारी घेऊन आजचा रुग्ण प्राणायामाकडे येतो, त्याच चुकीच्या प्राणायामाने होतात, हे परंपरेने स्वतः नोंदवून ठेवले आहे.

पुरावा कितपत आहे

दम्यासाठी योगाचा उपयोग तपासणाऱ्या १५ चाचण्यांचा, त्यांतील १,०४८ रुग्णांसह, कोक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला. लक्षणे आणि रोजचे जगणे यांत बहुधा थोडी सुधारणा होते, असा तिचा सावध निष्कर्ष होता. सीओपीडीच्या रुग्णांवरील श्वसनव्यायामांच्या २०१२ मधील आढाव्यात, काही आठवडे सराव केलेल्यांचे सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर साधारण ३५ ते ५० मीटरने वाढलेले दिसले, पण धाप लागण्याच्या जाणिवेत एकसारखा फरक पडला नाही. म्हणजे माणूस अधिक चालू लागतो, तरी दम लागल्याचे वाटणे तेवढ्याने जात नाही. हे आकडे लहान आहेत, आणि तसेच लहान सांगितले पाहिजेत. प्राणायामाने न्यूमोनियाचे जंतू मरत नाहीत, फुफ्फुसांवर पडलेले व्रण पुसले जात नाहीत, आणि दम्याचा पंप त्याने सुटत नाही. पंप, गोळ्या किंवा घरचा ऑक्सिजन स्वतःच्या मनाने कमी करणाऱ्या रुग्णाचे प्राणायामाने होणाऱ्या लाभापेक्षा कितीतरी मोठे नुकसान होते.

केव्हा थांबायचे हेही सरावाइतकेच पक्के ठाऊक हवे. सरावात चक्कर, छातीत दुखणे, छातीत घरघर किंवा न थांबणारा खोकला सुरू झाला तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. विश्रांतीतही ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली राहत असेल, किंवा सहा मिनिटे चालल्यावर ती ३ टक्क्यांहून अधिक घसरत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. सीओपीडीच्या जुन्या रुग्णांची मर्यादा वेगळी असू शकते आणि ती त्यांनी आधीच विचारून ठेवावी. ओठ निळसर पडणे, बोलताना वाक्य पुरे न होणे, गुंगी येणे किंवा थुंकीत रक्त दिसणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावे आणि नखाला रंग नसावा. शिवाय सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त पातळी दाखवते, म्हणून आकडा चांगला असूनही जीव कासावीस होत असेल तर आकड्यापेक्षा जिवाचे ऐकावे. विषाणूसंसर्गानंतरचा कोरडा खोकला आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

एक छोटी वही ठेवावी. रोज सकाळी उठल्यावर, काही करण्याआधी, एका मिनिटात किती श्वास झाले ते घड्याळ लावून मोजावे. शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणी, आपले लक्ष नसताना मोजावे, कारण स्वतः मोजायला घेतले की श्वास आपली चाल बदलतो. त्याशेजारी नाडी, ऑक्सिजनची पातळी आणि न थांबता चढलेल्या पायऱ्या लिहाव्यात. तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. श्वासांचा आकडा उतरत आणि पायऱ्यांचा चढत असेल तर रेचकाचा एक अंक वाढवायला किंवा चालण्याचे अंतर वाढवायला त्यांची संमती घ्यावी, आणि आकडे जागचे हलत नसतील तर स्पायरोमेट्री (फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) किंवा स्कॅन करण्याची गरज आहे का, ते विचारावे.